दोन तास चौदा मिनिटं

१९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी अकरा वाजता मेक्सिको सिटीत भोंगे वाजले. १९८५ साली याच तारखेला झालेल्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून तिथे दरवर्षी सराव होतो. कचेऱ्या रिकाम्या झाल्या, शाळांतली पोरं रांगा करून मैदानात आली, लोक थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि परत वर गेले. दुपारी एक वाजून चौदा मिनिटांनी खरा भूकंप आला, ७.१ महत्तेचा. एकट्या त्या शहरात सव्वादोनशेहून जास्त माणसं गेली. तारीख तीच कशी, यावर जगभर पानंच्या पानं लिहिली गेली. तारखेत काही नाही, भूगर्भात कॅलेंडर टांगलेलं नसतं. टोचणी लावणारी गोष्ट वेगळीच आहे. अकरा ते सव्वाएक. सराव संपवून माणसं आपापल्या जागी परतली तेव्हा कपाटं होती तिथेच उभी होती, कपाटांवरचे फायलींचे गठ्ठे होते तिथेच होते, तळमजल्याचे खांब होते तेवढेच बारीक होते. सरावात फक्त माणसं हलली होती. भूकंपात बाकी सगळं हलतं.

शिवाय तो सराव एका विशिष्ट भूकंपाचा होता. मेक्सिकोच्या इशारा यंत्रणेचे संवेदक मुख्यतः पॅसिफिक किनाऱ्यालगत बसवलेले, कारण १९८५ चा धक्का तिकडून, साडेतीनशे किलोमीटरांपलीकडून आला होता. यंत्रणेमागचं गणित सरळ आहे. भूकंपाची पहिली लाट सेकंदाला सहा किलोमीटरांच्या आसपास धावते. ती ठोकर मारल्यासारखी येते आणि बहुतेक वेळा नुसती खिडक्या थडथडवून जाते. मोडतोड करणारी दुसरी लाट साडेतीन किलोमीटरांच्या वेगाने मागून येते. दोन्हींमधलं अंतर मोजायचं असेल तर दर आठ किलोमीटरांना एक सेकंद धरायचा. रेडिओचा संदेश या दोघींच्याही कितीतरी पुढे पळतो, म्हणून लांबचा भूकंप असेल तर शहराला इशारा आधी मिळतो आणि जिना उतरायलाही वेळ उरतो. २०१७ चा भूकंप सव्वाशे किलोमीटरांच्या आतला, तोही जमिनीच्या बाजूचा निघाला. भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच आले. भोंगा ऐकून शांतपणे खाली उतरायची सवय लागलेल्या माणसांच्या पायाखालची जमीन भोंग्याबरोबरच हलायला लागली होती.

प्रत्येक इशारा यंत्रणेच्या पोटात असा एक आंधळा पट्टा असतो. केंद्राच्या जितकं जवळ असाल तितका धक्का जोरात आणि इशारा उशिरा. फोनवर इशारा येणार म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो. उतरू द्यावा.

जमिनीचंही असंच. भूकंप किती मोठा होता हे विचारायची आपल्याला सवय आहे, पण शहरात राहणाऱ्याने विचारायचा प्रश्न म्हणजे आपण कशावर उभे आहोत. मेक्सिको सिटीचा मधला भाग आटवलेल्या तळ्याच्या गाळावर आहे. १९८५ मध्ये खडकावर उभ्या असलेल्या भागांत फारसं काही झालं नाही, आणि गाळावरची जमीन मात्र साधारण दोन सेकंदांच्या तालात झुलत राहिली. इमारतीलाही स्वतःचा ताल असतो. मजल्यांच्या संख्येला दहाने भागलं की तो सेकंदांत ढोबळमानाने मिळतो, दहा मजल्यांचा एक सेकंद. भेगा पडायला लागल्या की इमारत सैल होते आणि तो ताल आणखी लांबतो. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत गेलं तरी तो आभाळाला भिडतो, तसं सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचं झालं. शेजारची दोन मजली घरं उभी राहिली, आणि उंच मनोरेही राहिले. २०१७ मध्ये लाटांचा ताल आखूड होता, तेव्हा फटका बसला तो त्याहून कमी उंचीच्या इमारतींना. म्हणजे एकदा तरलेली इमारत पुढच्या वेळी तरेलच असं नाही. 'एवढा मोठा धक्का सोसला आमच्या बिल्डिंगने' हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं, पण ते फक्त त्या एका धक्क्याबद्दलचं वाक्य असतं. भरावाच्या जमिनीची कथा तर आणखी निराळी. २०११ च्या जपानमधल्या मोठ्या भूकंपात टोकियो उपसागराच्या काठावर उरायासूत जमिनीतलं पाणी आणि वाळू एकजीव होऊन वर आली, मॅनहोलचे हौद रस्त्यातून वर उचलले गेले, घरं न पडता कलली. घर शाबूत आणि संडास बंद, अशा अवस्थेत तिथल्या लोकांनी दिवसच्या दिवस काढले.

आणि मग खांब. शहरी इमारतीचा सगळ्यात दुबळा मजला बहुतेक वेळा तळाचा असतो, कारण तिथे गाड्या हव्या असतात किंवा दुकानांच्या काचा. वरच्या प्रत्येक मजल्यावर भिंती असतात. त्या हिशेबात धरलेल्या नसल्या तरी इमारतीला आडव्या धक्क्यात ताठ ठेवतात. खाली नुसते खांब. धक्का आला की वरचे मजले एखाद्या पेटीसारखे अखंड हलतात आणि सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या वाट्याला येतं. २००१ मध्ये भुजच्या भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून लांबच्या अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती अशाच बसल्या. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला लाकडी इमारतींचंही तेच झालं, आणि तशा हजारो इमारतींना खाली लोखंडी चौकटी घालून घेण्याची सक्ती करायला त्या शहराला २०१५ उजाडलं. खांबाच्या आतली गोष्ट तर डोळ्यांना दिसतही नाही. उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा बांधतात त्यांची टोकं काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवायची असतात, काँक्रीटच्या पोटात रुतलेली. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, साधारण दीड-दोन फुटांत, या रिंगा दहा सेंटिमीटरांच्या आत जवळजवळ हव्यात. काटकोनाचा हूक वळवायला सोपा आणि सळयांवर चढवायलाही सोपा, म्हणून कामावर तोच होतो. भूकंपात बाहेरचं काँक्रीट सोलून निघालं की असा हूक उघडतो, आणि उभ्या सळया मोडक्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर फाकतात. हूक वळवताना कुणाच्या तरी आळसाने वाचवलेली दहा सेकंदं काँक्रीटमध्ये पुरलेली असतात, आणि घर घेताना आपण टाइल्सचा रंग बघत असतो.

हे सगळं आपल्या हातात नाही, असं म्हणून सुटता येतं. पूर्ण खरं नाही ते. तळमजल्याची भिंत पाडून गाळा मोठा करायचा प्रस्ताव आला की सभेत हात वर न करणं आपल्या हातात असतं. गच्चीवर आणखी एक हजार लिटरची टाकी चढवायची म्हणजे एक टन वजन, सगळ्यात वाईट जागी, हे सांगणं हातात असतं. पण हे करणारा माणूस सोसायटीत फार काळ आवडता राहत नाही.

धोक्याचा आकडाही धड हातात येत नाही. टोकियो परिसराखाली पुढच्या तीस वर्षांत ७ च्या आसपासच्या महत्तेचा भूकंप होण्याची शक्यता जपान सरकार ७० टक्के सांगतं. सॅन फ्रान्सिस्को परिसरासाठी अमेरिकेच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी २०४३ पर्यंत ६.७ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता ७२ टक्के मांडली. ऐकताना छातीत धस्स होतं. पण तीस वर्षांत ७० टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम ४, आणि आज, या तारखेला, साधारण नऊ हजारांत एक. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. पहिला धरला तर त्या शहरात राहणं वेडेपणाचं वाटतं आणि दुसरा धरला तर आज काही करणं. म्हणून माणसं पहिल्यावर गप्पा मारतात आणि दुसऱ्यावर जगतात. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही, नऊ हजारांत एक या शक्यतेसाठी कुणी सुट्टीचा दिवस घालवत नाही.

तरीही कपाट भिंतीला बांधायला एक सुट्टी पुरते.

१८० सेंटिमीटर उंच आणि मागेपुढे ४५ सेंटिमीटर असं कपाट घ्या. ४५ ला १८० ने भागलं की पाव येतो. जमिनीचा आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या पाव पटीपर्यंत गेला की या कपाटाचा मागचा पाया उचलायला लागतो, आणि वरच्या मजल्यांवर हिसका वाढूनच पोचतो. वरच्या फळीवर बॅगा आणि खाली चपला अशी मांडणी असेल तर त्याहूनही आधी. म्हणून वर दोन एल-पट्ट्या लावतात. खरी गंमत पट्टी लावल्यावर सुरू होते, कारण बहुतेक घरांत ती पट्टी भिंतीला लागलेली नसते, प्लास्टरला लागलेली असते. प्लास्टर पंधरा-वीस मिलिमीटर. बाजारात सहज मिळणारा प्लग, म्हणजे गिट्टी, तीस मिलिमीटरचा. म्हणजे विटेत पकड उरली दहा-पंधरा मिलिमीटर, तीही कडेच्या ठिसूळ भागात. हाताने ओढून पाहिलं तर ही पट्टी घट्ट वाटते. कपाट शंभर किलोचं असेल आणि ते दर सेकंदाला एकदा पुढे झुकत असेल, तर तिसऱ्या हिसक्याला प्लग, स्क्रू आणि प्लास्टरचा खपला एकत्र बाहेर येतात.

भोक ड्रिलच्या ८ मिलिमीटरच्या बिटने पाडावं आणि बिटवर ७५ मिलिमीटरला चिकटपट्टीची खूण करावी. आधी पांढरट-करडी भुकटी येते ते प्लास्टर. लाल भुकटी यायला लागली की वीट. बिट एकदम भसकन आत गेलं तर ते विटांमधल्या सांध्यात गेलंय, ती जागा सोडून चार बोटं बाजूला सरकावं. भोकातली भुकटी फुंकून आणि ब्रशने काढल्याशिवाय प्लग घालू नये. हे काम बारीक म्हणून वगळलं जातं आणि पकड सगळ्यात जास्त इथेच जाते, कारण प्लग भुकटीवरून घसरतो. प्लग पन्नास मिलिमीटरचा, तो प्लास्टर ओलांडून पूर्ण विटेत जाईपर्यंत ठोकायचा, आणि स्क्रू त्याच्या टोकापर्यंत पोचेल इतका, म्हणजे सत्तर मिलिमीटरचा. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडावं, आणि प्लगही त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा घ्यावा, साधा प्लग तिथे जागच्या जागी फिरतो. पोकळ पार्टिशन असेल तर बोटाच्या पेराने ठोकत जावं. ढबढब आवाज बदलून टणक झाला की मागे चौकट आहे, स्क्रू तिथेच. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, वायर बहुधा त्याच वाटेने गेलेली असते. आणि कपाटाच्या बाजूनेही एक फसगत ठरलेली: मागचा तक्ता तीन मिलिमीटरच्या प्लायचा असतो. त्यात मारलेला स्क्रू म्हणजे कागदाला लावलेली टाचणी. पट्टी वरच्या जाड फळीला लावायची, फळी भुशाची असेल तर आरपार नटबोल्ट आणि आत मोठा वॉशर. दोन कपाटं शेजारी असतील तर ती एकमेकांनाही बांधायची, नाहीतर भिंतीला धरलेली दोन कपाटं आपसात टकरा घेत राहतात. भाड्याच्या घरात भोक पाडायला बंदी असेल तर कपाट आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचे खांब मिळतात. ते पुढच्या कडेला लावले तर शोभेचे, भिंतीजवळ मागच्या कडेला लावले तर कामाचे, आणि वर फॉल्स सीलिंग असेल तर कुठेही लावले तरी निरुपयोगी.

पलंगाच्या उशाशी कपाट नसेल तर हे सगळं निम्मं सोपं होतं. ही सूचना फुकट आहे, आणि म्हणूनच कदाचित कुणी मनावर घेत नाही.

१९९५ चा जपानमधला कोबेचा भूकंप पहाटे पावणेसहाला आला. माणसं अंथरुणात होती. सहा हजार चारशेहून जास्त गेली, त्यांतली बरीचशी स्वतःच्याच घराखाली, स्वतःच्याच सामानाखाली. जी वाचली त्यांना बाहेर काढणारे बहुतेक शेजारी होते, हातात कुणाच्या तरी गाडीतला जॅक नाहीतर करवत. पलंगाशी बूट ठेवावेत ही शिकवण तिथली. काळोखात पहिलं पाऊल फुटक्या काचेवर पडतं, आणि पाय कापलेला माणूस ना स्वतः चालतो ना कुणाला ओढतो. पण बूट नुसते ठेवले तर पहिल्याच हिसक्यात ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि काचेचा चुरा त्यांच्या आतही पडतो. पिशवीत घालून, तोंड बांधून, पिशवी पलंगाच्या पायाला अडकवायची. बॅटरीही त्यातच.

धक्क्याच्या वेळी काय करायचं हे दोन ओळींत संपतं. खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरा, कारण टेबलही चालायला लागतं. पळू नका. दारच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्ला मातीच्या घरांच्या काळातला. २३ एप्रिल २०२५ ला इस्तंबूलजवळ ६.२ चा धक्का बसला तेव्हा इमारती जवळजवळ सगळ्या उभ्या राहिल्या, आणि दीडशेच्या वर माणसं जखमी झाली ती घाबरून उंचावरून उड्या मारल्यामुळे. १९९९ च्या मोठ्या भूकंपाची रात्र त्या परिसराच्या अंगात अजून आहे, उडी मारणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे एवढंच. ज्याचा आपल्या इमारतीवर विश्वास नाही त्याला 'पळू नका' सांगताना आपण नक्की काय सांगत असतो, हा प्रश्न कुठलंही माहितीपत्रक घेत नाही.

उंच मजल्यांवर भीतीचा प्रकार बदलतो. २०११ च्या भूकंपात केंद्रापासून सातशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या ओसाकातला एक अडीचशे मीटरचा मनोरा सुमारे दहा मिनिटं झुलत राहिला, वरच्या टोकाला एकूण अडीच मीटरांहून जास्त. खाली रस्त्यावर फारसं काही जाणवतही नव्हतं. अशा संथ झुलण्यात वस्तू पडण्याआधी घरंगळतात. चाकांचा प्रिंटर, चाकांचा टीव्ही स्टँड, खुर्च्या, सगळे भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालतात. चाकांना ब्रेक असतो, तो लावलेला सहसा कुणी पाहिलेला नसतो. लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची आणि जिथे दार उघडेल तिथे बाहेर पडायचं. बंद पडलेल्या लिफ्ट मेकॅनिकने येऊन तपासल्याशिवाय सुरू होत नाहीत, आणि मेकॅनिक मोजके, लिफ्ट हजारो. तेव्हा तिसाव्या मजल्यावरच्या माणसाने पाणी वरच साठवलेलं बरं. माणशी रोजचे तीन लिटर, किमान तीन दिवसांचं, जमल्यास आठवड्याचं. गीझरमध्ये आणखी पाणी असतं. आधी वीज बंद, मग आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, मग गार झाल्यावर खालून काढायचं. तो गीझर भिंतीवरून उतरला नसेल तर.

आणि संडास. यावर कुणाला बोलायचं नसतं. नळाला पाणी असलं तरी तळाची वाहिनी तुटली आहे का हे कळेपर्यंत फ्लश करायचा नाही, कारण वरच्याने सोडलेलं पाणी खालच्याच्या घरात वर येतं. माणूस दिवसाला पाच वेळा जातो असं धरलं तर चौघांच्या घराला आठवड्याला एकशेचाळीस पिशव्या लागतात. भांड्यावर आधी एक पिशवी कायमची, म्हणजे भांड्यातल्या पाण्याने बाहेरची ओली होत नाही, तिच्यावर वापरायची दुसरी, आत शोषून घेणारी पावडर. आकडा ऐकून लोक हसतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी हसू जातं.

घर सोडून जायचं असेल तर मेन स्विच पाडून जायचं. कोबेत आगी फक्त धक्क्याच्या वेळी लागल्या नाहीत. काही नंतर लागल्या, वीज परत आली तेव्हा: हीटर आडवा पडलेला, त्यावर कपडे, घरात कुणी नाही. आणि उलट बाजूने, घर गाठण्याची घाई. २०११ ला टोकियो परिसरात पन्नास लाखांहून जास्त माणसं रेल्वेगाड्या थांबल्यामुळे अडकली. तेव्हापासून सांगणं असं की पहिले काही दिवस निघूच नका, कारण भरलेल्या रस्त्यातून अग्निशमन दल जाणार कुठून. ऐकायला पटतं. ज्याचं मूल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत आहे त्याला पटत नाही. त्याने आजच शाळेशी बोलून ठेवावं की मूल कुणाच्या हाती देणार आणि कुठवर थांबवून घेणार. फोन लागणार नाही असं धरून. लांबच्या गावातला एक नातेवाईक ठरवून ठेवावा, सगळ्यांनी त्याला संदेश टाकायचा. शहरातल्या शहरात फोन गुदमरतात तेव्हाही बाहेरचा संदेश कधीकधी निसटून जातो.

मेक्सिको सिटीत सराव अजून होतो. १९ सप्टेंबर २०२२ लाही झाला, दुपारी बारा एकोणीसला. लोक खाली आले, वर गेले. एक वाजून पाच मिनिटांनी पुन्हा खरा भूकंप, तिसऱ्यांदा त्याच तारखेला. या वेळी तो लांबचा, किनाऱ्याकडचा होता, भोंगा आधी वाजला आणि जिने उतरायला वेळ मिळाला. मधे शेहेचाळीस मिनिटं होती. कपाट रिकामं करायचं, चार भोकं पाडायची, भुकटी फुंकायची, प्लग ठोकून पट्ट्या आवळायच्या आणि सामान पुन्हा भरायचं, जड ते खाली, याला साधारण तेवढाच वेळ लागतो.